हवेतलं पान, पाण्यातलं पान

अ‍ॅमेझॉन स्वॉर्डची चार रोपं मी पहिल्यांदा विकत घेतली तेव्हा ती चारही एका हातात मावली होती. प्रत्येकाला पाच-सहा पानं आणि सर्वांत लांब पान माझ्या वितीहून आखूड. घरची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच होती. मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटांत शोकेसच्या कोपऱ्यावर बसते तशी. मी दुकानदाराला विचारलं, ‘‘दादा, हे किती वाढतं?’’ तो म्हणाला, ‘‘ताई, एवढंच राहतं. फार तर थोडं भरतं.’’ मी चारही रोपं मागच्या काचेलगत ओळीने लावली.

वर्ष संपायच्या आत त्या टाकीत मासे शोधावे लागत होते. पानं पृष्ठभागाला भिडून वळली आणि पाण्यावर आडवी पसरली. खालच्या खडीपर्यंत उजेड पोचेना, पुढे लावलेलं बुटकं हिरवं गवत पिवळं पडून गेलं. शेवटी एक रोप काढायला गेले तर त्याच्याबरोबर टाकीचा अर्धा तळ वर आला. पांढऱ्या, दोरीसारख्या मुळांनी सगळी खडी एका जाळ्यात बांधून टाकली होती. रोपाचा काहीच दोष नव्हता. ते अगदी निरोगी होतं आणि त्याच्या जातीचं झाड जेवढं होतं तेवढंच झालं होतं.

हे पुस्तक त्या टाकीतून निघालं आहे. त्यानंतर मी दिसेल त्या स्वॉर्ड प्लांटची पानं मोजायला लागले. स्वतःच्या टाक्यांत, मित्रमैत्रिणींच्या घरी, क्रॉफर्ड मार्केटच्या आणि कुर्ल्याच्या दुकानांतल्या हौदांत. मोजता मोजता लक्षात आलं की लोक मला नाव विचारतात, पण त्यांना हवं असतं ते दुसरंच. हे झाड दीड वर्षाने किती जागा मागणार, माझ्या टाकीत ते मावेल का, पुढे लावू की मागे, एक लावू की तीन, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. नाव म्हणजे त्या प्रश्नांच्या उत्तराची किल्ली. म्हणून चुकीच्या नावाची चिठ्ठी लावलेलं रोप घेणं म्हणजे आकाराबद्दल चुकीचा शब्द घेऊन घरी येणं. या पुस्तकात ओळख आणि आकार हे दोन विषय कुठेही वेगळे केलेले नाहीत, त्याचं कारण हेच.

आधी ही झाडं मूळची कुठली, ते पाहू. शास्त्रीय नाव एकिनोडोरस. उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंत ही प्रजाती पसरलेली आहे आणि तिच्या जातींची सर्वाधिक गर्दी ब्राझीलमध्ये आहे. नावाचे दोन्ही तुकडे ग्रीक आहेत. पहिला काटेरी अंगाच्या एका लहान प्राण्यावरून आला आणि दुसऱ्याचा अर्थ कातड्याचा बुधला. बारीक बारीक फळांचा जो खरखरीत गेंद धरतो, त्याच्यावरून हे नाव पडलं. कुळ अ‍ॅलिस्मॅटेसी. हे कुळ आपल्याला परकं नाही. बाणाच्या टोकासारख्या पानांची सॅजिटेरिया आपल्या तळ्यांच्या कडेला उगवते, आणि कोकणाच्या गोड्या पाण्याच्या डबक्यांत सापडणारी विस्नेरिया ट्रायअँड्रा ही पश्चिम किनाऱ्याची खास वनस्पतीही याच कुळातली. तीन हिरवी निदलं, तीन पाकळ्या आणि दांड्यावर मजल्यामजल्याने येणारी फुलं ही घडण एकदा डोळ्यांत बसली की या कुळाची माणसं कुठेही ओळखू येतात.

पण घरच्या टाकीत फूल क्वचितच दिसतं. आपल्या हातात राहतं ते पान. आणि सगळा घोटाळा पानातच आहे.

ज्यांना आपण पाणवनस्पती म्हणून विकत घेतो, त्यांतल्या बऱ्याचशा स्वॉर्डच्या जाती मुळात दलदलीच्या आहेत. पावसाळ्यात नदी पात्राबाहेर पडते, ही झाडं काही महिने पाण्याखाली जातात. पाणी ओसरलं की चिखलात मुळं आणि हवेत पानं, अशा स्थितीत ती फुलतात आणि बी धरतात. कोकणातलं भाताचं खाचर आषाढात कसं असतं आणि दिवाळीनंतर कसं होतं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे समजावून सांगायला नको. या दोन ऋतूंसाठी झाडाकडे दोन प्रकारची पानं असतात. हवेतलं पान जाड, ताठ, थोडं मेणचट, लांब देठाचं आणि बहुधा रुंद किंवा लंबगोल. स्वतःचं वजन त्याला स्वतःच पेलायचं असतं आणि अंगातलं पाणी उन्हात उडू द्यायचं नसतं. पाण्यातलं पान पातळ, मऊ, लांबट, आखूड देठाचं, रिबिनीसारखं. वजन पाणी पेलतं, तेव्हा ताठपणावर खर्च करायची गरज उरत नाही.

रोपवाटिका ही झाडं पाण्याबाहेर वाढवतात. दमट, बंदिस्त जागेत, मुळं ओली ठेवून. तशी ती लवकर वाढतात, त्यांच्यावर शेवाळ धरत नाही आणि प्रवासातही टिकतात. म्हणजे दुकानातून आपण जे रोप आणतो त्याची सगळी पानं हवेतली असतात. ते टाकीत लावलं की पुढच्या काही आठवड्यांत ती पानं एकेक करून पिवळी, पारदर्शक होऊन विरघळतात आणि मधून निराळ्याच आकाराची नवी पानं निघतात. कित्येकांना वाटतं की झाड मेलं, आणि ते उपटून टाकतात. दुसरे कित्येक जण आणलेल्या दिवशीच पानाचा फोटो काढून त्यावरून जात ठरवतात. पहिल्यांचं रोप जातं. दुसऱ्यांनी ठरवलेली जात त्याच रोपाच्या पाण्यातल्या पानांशी पुढे जुळत नाही.

यात आणखी एक भर पडते ती वयाची. कोवळ्या रोपाची पाण्यातली पानं जवळजवळ सगळ्याच जातींत अरुंद आणि टोकदार असतात. जी जात पुढे तळहाताएवढ्या हृदयाकृती पानांची होणार, तिचं पिल्लूही लहानपणी साध्या पात्यासारखंच दिसतं. टिश्यू कल्चरच्या छोट्या डब्यांत मिळणाऱ्या रोपांबाबत तर हे फारच खरं आहे. पाच जातींचे पाच डबे समोर ठेवले तर चिठ्ठ्यांखेरीज त्यांत फरक करणं मलाही जमत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की रोप लावल्यानंतर पाण्याखाली निदान आठ-दहा नवी पानं येईपर्यंत त्याला नाव देऊ नये. लावल्याच्या दिवशी सर्वांत आतल्या पानाच्या देठाला पांढऱ्या दोऱ्याची सैल गाठ मारावी. दोऱ्याच्या आतल्या बाजूला जे येईल ते पाण्यातलं, तेवढंच मोजावं. मी सगळ्या मोजण्या अशाच केल्या आहेत.

मग पान कसं पाहायचं? सर्वांत आधी शिरा. एकिनोडोरसच्या पानात मुख्य शिरा पानाच्या बुडापासून निघून कडेला समांतर वळत टोकाकडे जातात आणि त्यांना बारीक आडव्या शिरा जोडतात. शिडीच्या पायऱ्यांसारख्या. ही एक खूण पक्की असली तरी बाजारातला एक मोठा गैरसमज टळतो. ‘ब्राझील स्वॉर्ड’ या नावाने जे झाड सर्रास विकलं जातं, ते स्पॅथिफिलम. आपल्या सोसायट्यांच्या जिन्यात कुंडीत पीस लिली म्हणून ठेवतात, तेच. त्याच्या पानात एक ठळक मधली शीर असते आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना आंब्याच्या पानासारख्या शिरा फुटतात. ते झाड पाण्याखाली महिनोन्‌महिने तग धरतं, पण वाढत नाही, हळूहळू कुजत जातं आणि पाणी बिघडवतं. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी असं झाड सहा महिने खत घालून जगवायचा प्रयत्न केला. त्यांनी किती काळजी घेतली होती ते मी पाहिलं आहे, म्हणून ही खूण पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर घेतली आहे.

दुसरी खूण उजेडात दिसते. पान तोडून खिडकीकडे धरलं की काही जातींत शिरांच्या मधल्या जागेत बारीक पारदर्शक रेषा दिसतात, काहींत ठिपके, तर काहींत काहीच नाही. एकिनोडोरस कॉर्डिफोलियसमध्ये रेषा असतात. ग्रँडिफ्लोरसमध्ये ठिपके असतात आणि त्याच्याशी हुबेहूब मिळत्याजुळत्या मॅक्रोफिलसमध्ये ते नसतात. वनस्पतिशास्त्रज्ञ ही खूण गंभीरपणे घेतात, आणि तिला भिंग लागत नाही, स्वच्छ सकाळ लागते. बाकी देठाची लांबी, पानाची कड सपाट की लहरदार, टोक कसं, नव्या पानाचा रंग कोणता, या खुणा उपयोगाच्या आहेत, पण एकेकटीच्या भरवशावर राहण्यासारख्या नाहीत. लोह कमी पडलं की कोणत्याही जातीचं नवं पान फिकट पिवळं येतं. पोटॅशियम कमी पडलं की जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडतात. उजेड कमी असेल तर पानं वर ताणतात, भरपूर असेल तर झाड बुटकं आणि पसरट होतं. झाडाची ओळख करताना त्याच्या उपासमारीचीच ओळख करून बसू नये, यासाठी आधी त्याला नीट खायला घालायला हवं. ही झाडं मुळांनी खातात. खत खडीत, मुळांशी द्यावं. आणि पानं जिथून फुटतात तो गड्डा खडीत पुरू नये.

आता नावांकडे येते. या प्रजातीइतका नावांचा गुंता मत्स्यालयाच्या झाडांत दुसरीकडे क्वचितच असेल. चेक वनस्पतिशास्त्रज्ञ कारेल राताय यांनी आयुष्याचा मोठा भाग या झाडांना दिला. १९७५ साली त्यांनी प्रजातीचा सविस्तर आढावा घेतला, अनेक नव्या जातींना नावं दिली आणि २००४च्या आढाव्यात ती यादी आणखी लांबली. आपण दुकानात ऐकतो ती ‘अ‍ॅमेझॉनिकस’, ‘ब्लेहेरी’ ही नावं त्यांचीच. यातलं दुसरं खरं तर ‘ब्लेहेराय’ असं स्त्रीलिंगी आहे, कारण ते अमांडा ब्लेहेर या वनस्पती-संग्राहक बाईंच्या सन्मानार्थ दिलेलं आहे. चिठ्ठ्यांवर मात्र ते सर्रास पुल्लिंगी छापलं जातं. या पुस्तकात ते सगळीकडे बाईंच्या नावानेच आलं आहे.

दुसऱ्या बाजूला रॉबर्ट हेन्स आणि लॉरिट्झ होल्म-नील्सेन यांनी १९९४ साली या कुळावर ग्रंथ लिहिला आणि वाळवलेल्या नमुन्यांच्या आधारे बऱ्याच जाती एकत्र करून संख्या तिशीच्या आत आणली. त्यानंतर फिनलंडच्या सामुली लेहतोनेन यांनी जनुकीय पुरावा आणि बाह्य खुणा असं दोन्ही जमेला धरून नवी मांडणी केली. तिच्याप्रमाणे अ‍ॅमेझॉनिकस आणि ब्लेहेराय दोन्ही ग्रिसेबाकी या एकाच जातीत जमा होतात, आणि होरेमानी वगैरे दक्षिणेकडच्या लांब पानांच्या झाडांना उरुग्वाएन्सिसमध्ये जागा मिळते. जमीन धरून धावणारे बुटके ‘पिग्मी स्वॉर्ड’ तर या प्रजातीतूनच बाहेर पडले. त्यांची प्रजाती आता हेलँथियम.

हौशी माणसाने यातलं कोणाचं ऐकावं? माझं मत स्पष्ट आहे. जात म्हणून लेहतोनेन यांचं ऐकावं आणि टाकी लावताना बाजारातलं जुनं नावही सोडू नये. कारण ग्रिसेबाकी एवढंच सांगितलं तर आकार कळत नाही. त्या एका जातीत अरुंद, किंचित कोयत्यासारख्या वळलेल्या पानांचं ‘अ‍ॅमेझॉनिकस’ येतं, रुंद आणि सरळ पानांचं भरघोस ‘ब्लेहेराय’ येतं, आणि ‘पार्व्हिफ्लोरस ट्रॉपिका’ नावाचं, आखूड पानांचं आणि पहिल्या दोघांपेक्षा कितीतरी लहान राहणारं रूपही येतं. शास्त्राच्या दृष्टीने ती भावंडं आहेत. दोन फुटी टाकीच्या दृष्टीने पहिली दोन अडचण आहेत आणि तिसरं वरदान.

आकाराचा हिशेब इथे थोडा मांडते, कारण तो कोणी मांडताना मी पाहिलेला नाही. ब्लेहेरायची उंची पूर्ण वाढीला ४० ते ५० सेंटिमीटर होते आणि घेरही जवळपास तेवढाच. एक फूट उंच टाकीची काच ३० सेंटिमीटर. त्यातून खडीचे ६ वजा करा आणि वर मोकळे सोडतो ते ३. उरलं २१ सेंटिमीटर पाणी. म्हणजे झाड पाण्याच्या साधारण दुप्पट उंच. चार फुटी टाकी साधारणतः दीड फूट उंच असते. तिथेही ४५ मधून ९ गेले की ३६ उरतात. या झाडाला उभं राहायला जागा मिळते ती दोन फूट उंचीच्या टाकीत, आणि अशी टाकी आपल्याकडे फार थोड्या घरांत असते. रुंदीचं गणित तर लोक विसरूनच जातात. एक फूट रुंद टाकीत ४० सेंटिमीटर घेराचं झाड पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही काचांना टेकतं आणि त्याच्यामागे मासा वळूही शकत नाही. मी माझ्या पहिल्या टाकीत अशी चार लावली होती.

उरुग्वाएन्सिस आणि त्याच्या गोतावळ्याची पानं पट्ट्यासारखी लांब, गडद, चमकदार. ५० सेंटिमीटरच्या पुढेही जातात, पण अरुंद असल्याने उजेड कमी अडवतात. ही झाडं दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या तुलनेने थंड प्रदेशांतली आणि पुष्कळदा वाहत्या पाण्यातली. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात ती लावणाऱ्यांनी पाणी गार ठेवायची सोय आधी करावी. लहरदार कडांचं मेजर, ज्याला जुन्या पुस्तकांत मार्टी म्हटलेलं आढळतं, तेही उंच टाकीचंच झाड.

कॉर्डिफोलियस, ग्रँडिफ्लोरस आणि मॅक्रोफिलस यांची पिल्लंही बाजारात येतात, तेव्हा थोडा वेळ त्यांच्यापाशी थांबायला हवं. दलदलीत ही झाडं मीटरभराच्या वर जातात. ब्राझीलमध्ये त्यांतल्या शेवटच्या दोघांना ‘शापेउ दि कोउरु’ म्हणतात. कातड्याची टोपी, असा त्याचा अर्थ. पानांचा काढा लघवी साफ व्हावी म्हणून तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत. ग्रँडिफ्लोरसला त्या देशाच्या अधिकृत औषधसंहितेत स्थान आहे, आणि रिओच्या बाजूला या पानांच्या अर्काचं थंड पेयही बाटलीत विकलं जातं. इतकं मोठं, माणसाच्या इतक्या जवळचं झाड आपण बोटभर उंचीचं असताना काचेत कोंडतो. कॉर्डिफोलियसला दिवसाचा उजेड बारा तासांहून जास्त मिळाला की ते हवेतली पानं काढायला लागतं आणि टाकीबाहेर डोकं काढतं. ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे त्यांनी ही तिन्ही सिमेंटच्या हौदात, कडेच्या चिखलात लावावीत. पांढऱ्या फुलांचे मजले तिथे पाहायला मिळतील.

लहान टाकीसाठी मात्र हेलँथियमचा मार्ग मोकळा आहे. हेलँथियम टेनेलम ५ ते १० सेंटिमीटरमध्ये राहतं, आडवे धावते कोंब सोडून गवतासारखं पसरतं. जुन्या नावाने ‘क्वाड्रिकोस्टेटस’ म्हणतात ते बोलिव्हियानम १० ते १५ सेंटिमीटरपर्यंत जातं. या दोघांना ओळखण्याची सोपी रीत म्हणजे खडीवरून धावणारे कोंब. खऱ्या एकिनोडोरसची पिल्लं बहुधा फुलोऱ्याच्या दांड्यावर, वर पाण्यात धरतात.

संकरित लाल जातींवर मी एकच छोटं प्रकरण लिहिलं आहे. जर्मनीतल्या देसाऊ गावच्या हान्स बार्थ यांच्यासारख्या संवर्धकांनी गेल्या काही दशकांत रंगांची मोठी संपत्ती या छंदात आणली. ठिपक्यांचा ‘ओझेलॉट’ त्यांतला सर्वांना माहीत असलेला. पण या झाडांना जात शोधत बसू नये, त्यांचं संवर्धकाने दिलेलं नाव हीच त्यांची ओळख. ती चिठ्ठी हरवली तर नुसतं ‘लाल संकरित’ एवढंच लिहावं आणि अंदाजाने नाव देऊ नये. त्यांचे ठिपके आणि लाली कोवळ्या पानांत सर्वाधिक असतात. पान जुनं झालं की रंग हिरव्याकडे झुकतो, तेव्हा फसवणूक झाली असं समजू नये.

इंग्रजी-जर्मनमध्ये या विषयावर चांगली पुस्तकं आहेत. क्रिस्टेल कासेलमान यांचं मत्स्यालयाच्या वनस्पतींवरचं पुस्तक मी रोज हाताशी ठेवते. मराठीत असं काही हवं होतं, कारण आपल्याकडच्या टाक्या, आपलं नळाचं आणि बोअरचं पाणी आणि आपला उन्हाळा यांचा विचार तिथे कोणी करणार नाही. पुढच्या पानांतली सगळी मापं पाण्याखालच्या पानांची आहेत, खडीपासून टोकापर्यंत, निदान एक वर्षाच्या रोपाची. तुमच्याकडे एखादं झाड यापेक्षा मोठं किंवा लहान राहिलं असेल, तर लावल्याची तारीख, टाकीची मापं आणि पानाची लांबी वहीत लिहून ठेवा आणि मला कळवा. पुढच्या आवृत्तीत तो आकडा जाईल. आणि नवं रोप आणायला निघण्याआधी आपल्या टाकीत खडीपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पट्टी धरा, तो आकडा कागदावर लिहून बरोबर घ्या, मगच दुकानात जा.